बागेआम

दादा (म्हणजे माझे वडील) उन्हाळ्यात माझ्याकडे हैदराबादला आले की तिसऱ्या दिवशी परत जायची भाषा सुरू करतात. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून दिसणारी काचेची ऑफिसं, आणि सगळ्या शेजाऱ्यांची दारं बंद. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस, त्याला करमणार कसं? म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी आधीच वीकेंडचा प्लॅन करून ठेवला होता. सालारजंग, गोळकोंडा, संध्याकाळी टँकबंड. दादांनी तो सगळा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "ते राहू दे. मला बागेआमला ने."

बागेआम! हा शब्द मी वीसेक वर्षांनी ऐकत होतो. आजोबांच्या बोलण्यात तो यायचा. "बागेआमात बसलो होतो", "बागेआमापासून टेसन जवळ"... लहानपणी माझी पक्की समजूत होती की हैदराबादेत निजामाची एक प्रचंड आंब्याची बाग आहे आणि आमच्या आजोबांना तिथे फुकट आंबे खायला मिळालेत. पुढे नोकरीसाठी याच शहरात आलो, सहा वर्षं झाली, आणि ज्या पब्लिक गार्डन्सच्या भिंतीला लागून माझी मेट्रो शेकडो वेळा गेली तीच आजोबांची बागेआम, हे मला माहीत नव्हतं. दोन 'आम' वेगळे आहेत हे तर दादांनाही माहीत नव्हतं. उर्दूत आंब्याचा आम अलिफने सुरू होतो आणि हा आम ऐनने. म्हणजे आम जनतेचा आम. बाग-ए-आम, सार्वजनिक बाग. नागरी लिपीत आणलं की दोन्ही एकच दिसतात, मग माझ्यासारख्या पोराची फसगत होणारच.

"पण बागच का?" मी विचारलं.

"तिथं आपल्या तांबोळ्याच्या रानाचा सौदा झाला," दादा म्हणाले आणि बॅगेतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत घडीवर फाटत आलेला एक कागद होता. उर्दूतला. त्याच्याकडे नंतर येतो.

शनिवारी सकाळी रायदुर्गला मेट्रोत बसलो, अमीरपेटला बदलली, आणि 'असेंब्ली' स्टेशनवर उतरलो. साडेनऊ वाजले होते आणि ऊन असं की डांबरावर पाय ठेवला तर चप्पल तिथंच राहील. (धाराशिवचा माणूस हैदराबादच्या उन्हाला नावं ठेवत नाही, आमच्याकडेही तेच असतं. फक्त आमच्याकडे मेट्रो नाही.) बागेत शिरलो आणि एकदम दोन-चार अंश कमी झाल्यासारखं वाटलं. मोठमोठी जुनी झाडं, सकाळचा वॉक उरकून गप्पा मारत बसलेले रिटायर्ड लोक, सावली बघून पेपर अंथरून झोपलेले दोघेतिघे. तिकीट नाही. खरं सांगायचं तर बाग म्हणून फार ग्रेट वगैरे नाही. बंगळूरचं लालबाग पाहिलेला माणूस इथे दहा मिनिटांत मोबाईल काढेल. पण ही बाग १८४६ साली आखली असं सांगतात, आणि तिच्या आवारात जे जे येऊन बसलंय त्याची यादी बघितली तर चाट पडायला होतं. पुरातत्त्व संग्रहालय, ज्युबिली हॉल, १९२४ ची शाही मशीद, बालभवन, आणि एका कडेला थेट विधानसभा. प्राणीसंग्रहालयसुद्धा इथंच होतं, १९६३ ला नेहरू झू सुरू झाल्यावर जनावरं तिकडे गेली. आजोबांनी आयुष्यातला पहिला वाघ इथेच पाहिला होता म्हणे.

आता पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींसाठी थोडा खुलासा. 'धाराशिवच्या माणसाचा हैदराबादशी काय संबंध?' हा प्रश्न मला ऑफिसात तेलुगू लोक विचारतात त्यापेक्षा जास्त मराठी लोक विचारतात. तर मंडळी, १९५६ पर्यंत हैदराबाद ही आमची राजधानी होती. मुंबई नव्हे. निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते, त्यातले पाच मराठी. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. आमचा जिल्हा आधी नळदुर्गच्या नावाने ओळखला जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो राजपुत्र उस्मान अलींच्या नावाने उस्मानाबाद झाला, तेव्हा ते अजून निजाम व्हायचे होते. लातूर तेव्हा आमच्यातच, ते १९८२ ला वेगळं निघालं. आणि २०२३ साली जिल्हा धाराशिव झाला. दादांच्या पेन्शनच्या कागदांवर एक नाव, माझ्या आधारवर दुसरं. डेटाबेसवाल्या लोकांना याचं दुःख कळेल :)

राजधानी हैदराबाद म्हणजे काय, तर कोर्टाचं अपील हैदराबादला, कॉलेज हैदराबादला, कारभार उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं, त्याची शिक्षणाची भाषा उर्दू. शिकून नोकरी करायची तर आधी उर्दू शिकायची. आमचे आजोबा चौथीपर्यंत शिकले पण उर्दू झरझर वाचायचे. त्यातलं शेतीचं उर्दू आमच्याकडे अजून शिल्लक आहे. खासरा, सेतवार, मुंतखब हे शब्द पुण्याच्या वकिलाला सांगून बघा. पैसासुद्धा वेगळा होता. निजामाचा रुपया तो 'हाली', इंग्रजांचा तो 'कलदार'. सात हालीला सहा कलदार. बार्शीच्या बाजाराला निघालं की मध्ये सरहद्द लागायची, कारण बार्शी इंग्रजांच्या मुलखात. आज त्या रस्त्याने एसटी अर्ध्या-पाऊण तासात जाते आणि सरहद्द कुठे होती हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं.

तर एवढ्या मोठ्या राज्याची ही 'आम' बाग. म्हणजे आमच्याही.

ऊन चढायला लागलं तसे आम्ही संग्रहालयात घुसलो. (शुक्रवारी बंद असतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) इमारत १९२० ची, संग्रहालय सुरू झालं १९३० ला. आत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचं एक दालन आहे. दादा दारातच थबकले. "हे इथं कशाला?" मग त्यांनाच आठवलं, अजिंठा निजामाच्या राज्यात. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी करवली, चित्रकारांकडून नकला करवून घेतल्या. खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भागांचा भलामोठा ग्रंथ काढला. पहिला भाग निघाला तेव्हा निजामाचं राज्य होतं, शेवटचा निघाला तेव्हा ते संपूनही सात वर्षं झाली होती. सरकार बदललं तरी ग्रंथाचं काम चालूच. असे प्रोजेक्ट मॅनेजर आता मिळत नाहीत.

पण गर्दी अजिंठ्यापाशी नसते, ममीपाशी असते. हो, या बागेत इजिप्तची एक खरी ममी आहे. सहाव्या निजामाचे जावई नझीर नवाज जंग यांनी ती आणली, सातव्या निजामाला दिली, आणि त्याने संग्रहालयाला. साधारण २३०० वर्षांपूर्वीची समजतात. काचेच्या पेटीत, अंधुक उजेडात. दादा तिच्याकडे बराच वेळ बघत उभे होते, मग म्हणाले, "इतक्या लांबून येऊन हिला काय मिळालं?"

मला मात्र तिथे उभं राहिल्यावर तेर आठवलं. धाराशिव शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं गाव. लोक त्याला गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखतात. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ग्रीक लिहिणाऱ्या आणि बहुधा इजिप्तमध्येच राहणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. 'पेरिप्लस' म्हणतात तिला. त्यात तो सांगतो की पैठणच्या पुढे पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे, आणि तिथून साधं कापड, नाना तऱ्हेची तलम मलमल असा माल गाड्यांमधून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. हे तगर कुठलं यावर विद्वानांचं बरंच भांडण झालं. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ साली फ्लीटने दाखवून दिलं की ते आमचं तेर. (पेरिप्लसवाल्याची दिशा थोडी चुकली होती. तेर पैठणच्या आग्नेयेला येतं. बिचारा ऐकीव माहितीवर लिहीत असणार, गूगल मॅप नव्हता.) तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेतून निघालेली हस्तिदंती मूर्ती यांची तुलना अभ्यासक करतात. तेरची बाहुली तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे.

म्हणजे इजिप्तच्या माणसाला आमच्या जिल्ह्याचा पत्ता ठाऊक होता, कारण त्याला कापड हवं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी. आणि मला शाळेत 'मागासलेला मराठवाडा' हा धडा होता. असो.

बाहेर आलो तर बारा वाजून गेलेले. विधानसभेच्या बाजूला जी सावली असते तिथे एक रिकामा बाक मिळाला. आम्ही डबा उघडला. समोर झाडांच्या आडून ती पांढरीशुभ्र इमारत दिसत होती. ती मूळची टाउन हॉल. सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अलींच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त बांधायला घेतली १९०५ ला आणि पुरी झाली १९१३ ला. मधल्या काळात, १९११ मध्ये, निजाम वारले. सरकारी काम त्या काळीही वेळेवर होत नसे.

१९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याची पहिली निवडून आलेली विधानसभा इथे बसली. १७५ आमदार. तिथे तेलुगू, उर्दू, कन्नड, हिंदी, इंग्रजी आणि मराठीतसुद्धा भाषणं होत. विरोधी पक्षनेते होते कम्युनिस्ट व्ही. डी. देशपांडे. मूळचे मराठवाड्याचे, पण निवडून आले तेलंगणातल्या इप्पागुडातून. आज एखादा देशपांडे तेलंगणाच्या खेड्यातून उभा राहिला तर काय होईल याची कल्पना करून बघा. आमच्या जिल्ह्यातून शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील तिथे होते. उद्धवरावांचं नाव निघालं की दादा सरसावून बसतात. त्यांचं भाषण ऐकायला आजोबा चालत जायचे, आणि परत चालत.

आणि याच इमारतीत १९५५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावर चर्चा झाली. मुख्य वाद तेलंगणाचा. मत मांडणाऱ्या १४७ आमदारांपैकी १०३ विशालआंध्रच्या बाजूने, २९ स्वतंत्र तेलंगणाच्या, १५ तटस्थ, असा हिशोब सांगितला जातो. आमचं काय होणार यावर फारशी खडाजंगी उरलेलीच नव्हती, मराठी भाग मराठी लोकांकडे जाणार हे जवळपास ठरलेलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्या दिवशी आजोबांची राजधानी तीनशे किलोमीटरवरून साडेचारशे किलोमीटरवर गेली आणि बाग परराज्यात गेली. कागद मात्र इथेच राहिले. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या निमित्ताने कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा न्यायमूर्ती शिंदे समितीला हैदराबादची वाट धरावी लागली, आणि २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने 'हैदराबाद गॅझेटियर' लागू करण्याचा जीआर काढला. त्या वादात मी पडत नाही. पण घरातला ट्रंक दुसऱ्याच्या माडीवर राहिला की जे होतं ते आमचं झालंय.

जेवण झालं. दादांनी हात धुतले आणि ती पिशवी पुन्हा काढली.

आता १९४८ बद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गंमत बघा, (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) त्या लढ्यातली दोन टोकं आमच्याच जिल्ह्याशी जोडलेली आहेत. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे एक मास्तर, व्यंकटेश खेडगीकर, संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी. आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलाच. रझाकारांचे हल्ले, जाळपोळ, लुटालूट, सरहद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला पळालेली कुटुंबं, तिथले मुक्तिसैनिकांचे कॅम्प, हे आमच्याकडे प्रत्येक घरात सांगतात. आमच्या घरातही सांगतात. आजीने दागिने चुलीखाली पुरले होते.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरहून निघाली. पहिली चकमक नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत फौजेने ताब्यात घेतला. रात्री मुक्काम उमरग्याला. आमचं गाव या दोन्हींच्या मधलं, हायवेपासून थोडं आत. रणगाडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा आजीला वाटलं रस्ताच चालतोय. १७ तारखेला निजाम शरण आला. आमच्याकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, शाळेत झेंडा, लाडू, भाषण. इथे तेलंगणात त्याच दिवसाला काय म्हणायचं यावर अजून एकमत नाही. राज्य सरकारने आधी 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटलं, २०२४ ला नव्या सरकारने 'प्रजापालन दिन', केंद्र सरकार 'हैदराबाद मुक्ती दिन' म्हणतं. प्रजापालन दिनाचा झेंडा याच बागेत लागला.

शाळेतली गोष्ट १७ तारखेला संपायची. दादांनी तीस-बत्तीस वर्षं शिकवली ती गोष्टही तिथेच संपायची. त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर काय झालं ते पुस्तकात नव्हतं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात राज्यात फिरली, १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांशी बोलली. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चार जिल्ह्यांत मेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नाही, आणि सगळ्या राज्यात कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार, असा तिचा अंदाज. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवल्याच्याही नोंदी त्यात आहेत. सरकारने तो अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही. २०१३ साली तो दिल्लीत नेहरू स्मारक संग्रहालयात लोकांना पाहता येऊ लागला. मी तो नेटवर वाचला तेव्हा यादीतलं पहिलं नाव आमचं होतं. त्या रात्री दादांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जे मेले ते काय रझाकार होते का सगळे? रझाकार तर आधीच पळाले होते." एवढंच.

आमच्या गावात तांबोळ्यांची चार घरं होती. दोन हैदराबादला आली. त्यातल्या एकाचं अकरा एकर रान आमच्या रानाला लागून. आजोबांची आणि त्याची बैलांची वारंगुळी होती. म्हणजे एक बैल याचा, एक त्याचा, पेरणी मिळून. तो १९४८ च्या पावसाळ्याअखेरीस गाव सोडून गेला तो परत आलाच नाही. १९५१ च्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं, की रान घे, पण मी गावात पाय ठेवणार नाही, तूच ये. आजोबा सोलापूर-वाडीमार्गे नामपल्लीला उतरले. स्टेशनपासून बाग पायी दहा मिनिटांवर. बागेत कुणीही कुणाशेजारी बसू शकतं, कुणी विचारत नाही. म्हणून बागेआम.

सौदा झाला नऊशे हालीला. पुढचे पक्के कागद नंतर झाले, त्यात सगळं रीतसर आहे. मी बाकावर बसल्या बसल्या मोबाईलवर हिशोब केला. सातशे एकाहत्तर रुपये, त्रेचाळीस पैसे. अकरा एकराचे.

"पडीचा भाव होता तेव्हा," दादा म्हणाले. "सगळ्यांनीच घेतली. कुणी तर फुकटच दाबली. आपण निदान पैसे दिले."

"तुमची आजी काय म्हणायची?" मी मुद्दाम म्हणालो. दादांची आजी म्हणजे माझी पणजी, तिचं मत घरात कायम उलटं असायचं.

"म्हणायची, बैल एकाचा उरला की जोडी मोडते."

आमच्यापासून दोन बाक सोडून एक वयस्कर गृहस्थ उर्दू पेपर वाचत होते. 'सियासत'. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, सलाम केला आणि माझ्या ऑफिस-हिंदीत विचारलं, की हे जरा वाचून दाखवाल का? त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हाच्या कवडशात धरला. "शिकस्ता है," ते म्हणाले. म्हणजे घाईची, मोडकी लिपी. "पूरा नहीं पढ सकता मैं." पण बोट ठेवून वाचायला लागले. रसीद आहे. इतकी रक्कम नगद पावली. रानाच्या चतुःसीमा, पूर्वेला ओढा, दक्षिणेला आमचंच रान... दादा मान हलवत होते. मग ते थांबले, पुन्हा मागे गेले, आणि एक ओळ दोनदा वाचली.

"इसमें लिखा है, जो कोने में लिंबारे का झाड है, उसके नीचे वालिदा की कबर है. वो छे हाथ जमीन बेचे नहीं. उसपे हल नहीं चलाना."

दादा काहीच बोलले नाहीत. मीही.

तांबोळ्याच्या रानात ओढ्याकडच्या कोपऱ्यात लिंब आहे. त्याच्या बुडाशी एक उंचवटा. तो आम्ही कधी नांगरला नाही. आजी दर गुरुवारी तिथे दिवा लावायची, आम्ही पोरं त्याला पीर म्हणायचो आणि परीक्षेच्या आधी नारळ फोडायचो. माझं बारावीचं श्रेय मी आजवर त्या पीराला देत आलो. आजोबांनी कधी कुणाला सांगितलं नाही ती जागा कुणाची. फक्त नांगर त्या कोपऱ्यात आला की ते स्वतः कासरा धरायचे, गड्याला धरू द्यायचे नाहीत, असं दादांना आठवलं.

गृहस्थांनी कागद जपून घडी घालून परत दिला. "उस्मानाबाद के हैं आप लोगां?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "हमारे मोहल्ले में बहुत लोगां हैं उधर के. पुराने तो सब गुजर गए." मग पेपर उचलला. आम्ही त्यांना डब्यातली शेंगादाण्याची चटणी देऊ केली, त्यांनी चिमूटभर घेतली आणि तिखट आहे म्हणाले.

बाहेर पडताना गेटजवळ गाडीवर आंबे होते. हिमायत. दादांनी भाव विचारला, ऐकून मागे सरकले, मग दोन किलो घेतले. मेट्रोत जागा मिळाली. खैरताबाद गेलं, पंजागुट्टा गेलं, दादा कागदाची पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होते. अमीरपेटला उतरायच्या आधी त्यांनी गावाकडे फोन लावला. आमचं रान आता जो करतो त्याला.

"हां, ट्रॅक्टर सोमवारी येतोय ना? हे बघ, तांबोळ्याच्या रानात तू स्वतः थांब. ओढ्याकडचा लिंब हाय ना... हां, पीराचा. ती जागा तर सोडायचीच, पण मागल्या साली त्यानं लई जवळून काढलं होतं. सहा हात मोज. टेपनं नको, हातानं मोज."